सिगिरीयाचा राजा कश्यप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेच्या सहलीहून परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. सगळीकडे सपाट हिरवं रान आणि त्यातून एकदम उभा राहिलेला तांबूस कातळ. तो सिगिरीया. फोटो दाखवून झाला की गोष्ट येते: बापाला भिंतीत चिणलेला राजा, कातळावरचा महाल, अप्सरांची चित्रं, हत्तीने फिरवलेली पाठ. गोष्ट तोंडोतोंडी फिरते आणि दर फेरीला थोडी फुगते. मला या राजाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

राजा कश्यप नेमका कोण?

अनुराधपूरच्या गादीवर बसलेला पहिला कश्यप. पाली ग्रंथात त्याचं नाव ‘कस्सप’ असं येतं. त्याचा काळ साधारणपणे इ. स. 477 ते 495 असा देतात. अनुराधपूर ही तेव्हा लंकेची शेकडो वर्षांची राजधानी होती. ती सोडून तो सिगिरीयाच्या कातळावर राहायला गेला आणि तिथूनच त्याने राज्य केलं. वडील धातुसेन, सावत्र भाऊ मोग्गलान आणि सेनापती मिगार ही या कथेतली बाकीची मुख्य माणसं. एक बहीणही आहे, पण तिचं नाव लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटलेली दिसत नाही. खरं तर सगळी ठिणगी तिच्यावरून पडली.

पुराणातल्या कश्यप ऋषींशी याचा काही संबंध?

नाही. बौद्ध परंपरेत गौतम बुद्धांच्या आधीच्या बुद्धाचंही नाव कश्यप आहे, आणि बुद्धांचे थोर शिष्य महाकश्यप तर सर्वांना माहीत आहेत. बौद्ध राजघराण्यात हे नाव ठेवणं अगदी साहजिक होतं. पुढे लंकेत या नावाचे आणखी राजे झाले.

हे सगळं आपल्याला कळतं कुठून?

मुख्यतः ‘चूळवंस’ या पाली ग्रंथातून. लंकेच्या राजांची हकीकत सांगणाऱ्या ‘महावंस’चा हा पुढचा भाग. परंपरेनुसार त्याचा पहिला खंड धम्मकित्ती नावाच्या भिक्खूने बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास रचला. म्हणजे कश्यपानंतर जवळजवळ सातशे वर्षांनी. त्याच्यासमोर जुनी साधनं असणार, पण दृष्टी मठातली होती. ज्या राजाने मठाला दिलं तो चांगला, ज्याने दुखावलं तो वाईट, असा तराजू त्यात सतत जाणवतो.

एक बारीक गोष्ट सांगतो. या ग्रंथात धातुसेनाला 18 वर्षं, कश्यपाला 18 वर्षं आणि मोग्गलानालाही 18 वर्षं दिली आहेत. हे मला नेहमीच जुळवून आणल्यासारखं वाटत आलं आहे. म्हणून सनावळी घट्ट धरून बसू नये.

दुसरा साक्षीदार म्हणजे खुद्द सिगिरीया. विटा, चुना, पाण्याचे पाट, रंग. याला मठाची बाजू नाही की राजाची नाही. मी दोघांचंही ऐकतो, पण दोघांत विसंगती आली तर कातळाकडे झुकतो.

धातुसेन राजा कसा झाला?

पाचव्या शतकाच्या मध्यात दक्षिण भारतातून आलेल्या पांड्य सरदारांनी अनुराधपूर घेतलं आणि एकामागून एक सहा जणांनी तिथे राज्य केलं. धातुसेन तेव्हा वयाने लहान होता. मामा भिक्खू होता, त्याने भाच्याला चीवर देऊन मठात लपवलं. एकदा झाडाखाली पाठ म्हणत बसला असताना पाऊस आला आणि नागाने त्याच्यावर फणा धरला, अशी कथा आहे. होणाऱ्या राजाच्या डोक्यावर नागाचा फणा ही खूण आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. पुढे त्याने चीवर उतरवलं, माणसं जमवली, लढाया केल्या आणि 459च्या सुमारास गादी मिळवली. मग तो धरणं आणि तळी बांधत सुटला. ग्रंथ त्याच्या नावावर अठरा तळी लावतो.

मग बाप-लेकात बिनसलं कशावरून?

धातुसेनाला दोन मुलगे. कश्यप थोरला, पण त्याची आई राजकुळाच्या बरोबरीची नव्हती. मोग्गलानची आई बरोबरीच्या कुळातली, त्यामुळे गादी त्याचीच असं सगळे धरून चालले होते. नुसत्या एवढ्यावरून माणूस बापावर उठत नाही. काडी पडली ती मुलीच्या संसारात.

राजाने आपली लाडकी लेक भाच्याला, म्हणजे सेनापती मिगारला दिली होती. मिगारने काही अपराध नसताना तिच्या मांड्यांवर चाबकाने मारलं. तिचं रक्ताळलेलं वस्त्र बापाच्या नजरेला पडलं. राजाने चौकशी केली आणि संतापाच्या भरात मिगारच्या आईला, म्हणजे आपल्याच बहिणीला, विवस्त्र करून जाळलं. शिक्षा मिगारला झालीच नाही. सासूच्या चितेने सुनेच्या मांड्यांवरचा एकही वळ गेला नाही. मिगार मात्र सूड घ्यायला मोकळा राहिला, आणि गादीवाचून राहणाऱ्या कश्यपाच्या कानाला लागला. दोघांनी मिळून राजाला कैद केलं. मोग्गलान जीव वाचवून भारतात पळाला.

धातुसेन म्हणजे साधुपुरुष आणि कश्यप म्हणजे राक्षस, अशी सरळ वाटणी जे करतात त्यांनी ही जळालेली म्हातारी लक्षात ठेवावी.

धातुसेनाला खरंच भिंतीत चिणलं का?

ग्रंथ तसं सांगतो, आणि हा प्रसंग त्यात विलक्षण ताकदीने आला आहे. तो जरा सावकाश सांगतो.

मिगारने कश्यपाला पटवलं की म्हाताऱ्याने मोठा खजिना मोग्गलानसाठी दडवून ठेवला आहे. कश्यपाने कैदेत माणसं पाठवून विचारलं, खजिना कुठे आहे? धातुसेनाने ओळखलं की हे आता मारणारच. मग निदान आपलं तळं एकदा डोळे भरून पाहावं. त्याने निरोप दिला, मला कालावापीला न्या, तिथे दाखवतो.

त्याला मोडक्या गाडीतून नेलं. गाडीवान वाटेत भाजलेलं धान्य खात होता. त्याने त्यातलं थोडं राजालाही दिलं आणि राजाने ते खाल्लं. ज्याच्या पंगतीला सगळी लंका बसली असती तो राजा गाडीवानाच्या मुठीतलं धान्य खातो आहे! त्याला इतकं बरं वाटलं की त्याने मोग्गलानच्या नावे चिठ्ठी लिहून दिली: या माणसाला द्वारपाल कर. कैदी राजा परागंदा मुलाच्या भरवशावर नोकरीचं वचन देतो आहे. या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो.

तळ्यावर पोहोचल्यावर त्याने आपल्या वृद्ध भिक्खू स्नेह्याची भेट घेतली, पोटभर बोलला, मग पाण्यात उतरून मनसोक्त न्हाला, पाणी प्याला. आणि बरोबरच्या माणसांना म्हणाला, माझी सारी संपत्ती ती हीच.

हे ऐकून कश्यपाचा तोल गेला. त्याच्या हुकमावरून मिगारने राजाचे कपडे उतरवले, साखळदंड घातले, पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, भोवती भिंत बांधली आणि मातीने लिंपून टाकली.

ग्रंथकार याला पूर्वीच्या कर्माचं फळही जोडतो. हेच तळं बांधताना एक भिक्खू समाधीत बसलेला होता, तो हलेना, तेव्हा धातुसेनाने त्याच्यावर माती टाकायला लावली होती म्हणे. मातीखाली गाडलं, मातीतच गाडला गेला. असा हिशोब जिथे तंतोतंत जुळतो तिथे कथाकाराचा हात असतो, असं माझं मत. बापाचा खून झाला हे मात्र खरं मानायला हरकत नाही, कारण पुढचं सगळं वर्तन त्या ओझ्याखालचं आहे.

‘हीच माझी संपत्ती’ असं म्हणण्याइतकं त्या तळ्यात काय होतं?

होतं आणि अजून आहे. कालावापी म्हणजे आजचं कलावेव. लंकेचा हा भाग कोरडवाहू. पाऊस मोसमात कोसळतो आणि मग महिनोन् महिने आभाळ कोरडं. तळं नाही तर भात नाही, भात नाही तर राजधानी नाही. सिंहली भाषेत ‘वेव’ म्हणजे तलाव. तिथल्या गावांच्या नावांत हा शब्द पावलोपावली भेटतो.

कलावेवमधून निघणारा जयगंगा कालवा, ज्याला योद एळ असंही म्हणतात, सुमारे 87 किलोमीटर वळणं घेत अनुराधपूरच्या तिस्सवेव तलावापर्यंत पाणी नेतो. त्याच्या पहिल्या सत्तावीसेक किलोमीटरांत उतार आहे तो किलोमीटरला जेमतेम दहा सेंटीमीटर. अर्धी वीतसुद्धा नाही! दुर्बिणीचं सर्वेक्षण यंत्र नसताना हे साधलं. कालव्याला बांधही एकाच बाजूला आहे. दुसऱ्या, वरच्या बाजूला पाणी जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे पसरतं, डोंगराचं ओघळणारं पाणीही पोटात घेतं. त्यामुळे तो कालवाही आहे आणि लांबच लांब तळंही आहे.

तळ्याजवळच अवुकनची उभी बुद्धमूर्ती आहे, एकाच कातळातून कोरलेली, सुमारे बारा मीटर उंच. ती धातुसेनाच्याच काळातली, असं बरेच जण मानतात.

कश्यप कातळावर का जाऊन बसला?

ग्रंथाचं उत्तर एका शब्दाचं आहे: भीती. भारतात गेलेला भाऊ सैन्य घेऊन येणार, हे त्याला माहीत होतं. त्याने आधी स्वयंपाकी आणि घोडेवाला यांच्या हातून मोग्गलानला मारायचा प्रयत्न केला. तो फसल्यावर माणसाला चढायला अवघड असा सिंहगिरी, म्हणजेच सिगिरीया, शोधला, भोवतालचं रान साफ केलं, तटबंदी घातली, सिंहाच्या आकाराचा जिना बांधला आणि वर महाल उभारून कुबेरासारखा राहू लागला.

हे उत्तर मला अर्धंच पटतं. लपायला जाणारा माणूस कारंजी बांधत नाही. तटाबाहेरून दिसेल अशा कातळावर चित्रं रंगवत नाही. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी वेगळी मांडणी केली. ग्रंथात महालाला कुबेराच्या अलका नगरीची उपमा आहे, ती त्यांनी शब्दशः घेतली. कश्यपाला स्वतःला पृथ्वीवरचा कुबेर, देवराजा म्हणून दाखवायचं होतं. पितृहत्येमुळे ज्याचा हक्कच डागाळला, त्याने माणसांच्या राजधानीत राहण्यापेक्षा देवांच्या नगरीची नक्कल उभारली. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. पण कातळाखाली उभं राहून वर पाहिलं की भ्यालेल्या माणसाची नव्हे, मोठेपणाची हाव धरलेल्या माणसाची जागा वाटते.

सिंह कुठे आहे? फोटोत तर फक्त पंजे दिसतात.

आता पंजेच उरले आहेत. कातळाच्या उत्तर बाजूला, मधल्या ओट्यावर, विटांचे आणि चुन्याच्या गिलाव्याचे दोन प्रचंड पंजे, प्रत्येकाला तीन नख्या. ब्रिटिश काळातले पुरातत्त्व आयुक्त एच. सी. पी. बेल यांना ते 1898 मध्ये ढिगाऱ्याखाली सापडले. तोवर ‘सिंहगिरी’ नावातला सिंह कुठला हे कोडंच होतं. पंज्यांच्या मधून पायऱ्या वर जातात. पूर्वी वर सिंहाचं तोंड होतं आणि त्यातून माणूस आत शिरत असे. मागच्या कातळावर विटांना आधार देणाऱ्या खाचा दिसतात, त्यांवरून तो केवढा असेल याची कल्पना करता येते. राजाला भेटायला येणाऱ्याला आधी सिंहाच्या जबड्यातून जावं लागे. सिंहली लोक स्वतःचं मूळ सिंहाशी जोडतात, त्यामुळे ते तोंड नुसतं भीती घालण्यासाठी नव्हतं, ते कुळाचं चिन्ह होतं.

वर काय होतं आणि खालच्या बागा कशा होत्या?

कातळ भोवतालच्या जमिनीपासून सुमारे 180 ते 200 मीटर उंच आहे. माथ्यावर दीडेक हेक्टर जागा. तिथे आज विटांची जोती, पायऱ्या, दगडी आसन आणि कातळात खोदलेलं सुमारे 27 मीटर लांब, 21 मीटर रुंद तळं दिसतं. भर उन्हात, एवढ्या उंचीवर, त्यात पाणी असतं.

खाली पश्चिमेला पाण्याच्या बागा. चार सारखी तळी आणि मध्ये बेट, अशी मांडणी. मुघलांच्या चारबागेच्या हजार वर्षं आधीची. पुढे अरुंद वळणदार पाट आणि त्यांत कारंजी. कारंजं म्हणजे भोकं पाडलेली चुनखडीची चकती. तिच्याखाली पाण्याची उथळ पेटी, आणि दूरच्या उंच तळ्यातून जमिनीखालच्या पाटाने येणारा दाब. पंप नाही, चाक नाही. दीड हजार वर्षांनंतर, पावसाळ्यात पाणी भरलं की त्यांतली काही कारंजी आजही उडतात.

मला कश्यपाबद्दल काही म्हणायचं असेल तर ते इथेच. पाण्याला दाब कुठून द्यायचा, उतार किती ठेवायचा, गाळ कुठे अडवायचा, हे ज्ञान आकाशातून पडलं नाही. ते धातुसेनाच्या तळ्यांवर, कालव्यांवर राबलेल्या माणसांचं होतं. बाप पाण्याकडे बोट दाखवून ‘हीच संपत्ती’ म्हणाला, तेव्हा मुलाला ती थट्टा वाटली. आणि नंतर त्या मुलाने जे जे सुंदर बांधलं, ते त्याच संपत्तीतून बांधलं. बापाने पाणी शेताला दिलं होतं, मुलाने ते बागेत नाचवलं.

चित्रांतल्या स्त्रिया कोण आहेत?

कातळाच्या पश्चिम बाजूला, मध्येच एका खोबणीत, आज वीसेक चित्रं शिल्लक आहेत. लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की त्या एकदम समोर येतात: कमरेपासून वरच्या, खाली ढग, हातात फुलं किंवा फुलांचं तबक. काहींची कांती सोनेरी, काही सावळ्या. मूळ चित्रं कातळाच्या मोठ्या भागावर होती असा अंदाज आहे. जुन्या लेखांत पाचशे स्त्रियांचा उल्लेख येतो.

त्या कोण, यावर एकमत नाही. बेल यांना वाटलं की या राजस्त्रिया असून जवळच्या पिदुरंगलच्या विहाराकडे फुलं घेऊन निघाल्या आहेत. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी त्यांना अप्सरा म्हटलं. परणवितान यांनी वीज आणि मेघ यांची मूर्त रूपं मानली, कारण त्यांच्या मते हा कुबेराचा डोंगर. राजा डी सिल्व्हा या पुरातत्त्वज्ञांनी त्या बौद्धांच्या तारादेवीच्या प्रतिमा असल्याचं मांडलं. मला अप्सरा पटतात, ढगांमुळे. देवळात फुलं न्यायला निघालेल्या बाईच्या कमरेशी ढग कशाला येईल?

एका आकृतीत हाताची जागा चित्रकाराने बदललेली दिसते. आधीची रेघ पुरती बुजली नाही. त्या कलावंताचं नाव कुणी लिहिलं नाही, त्याची ती दुरुस्ती मात्र राहिली.

1967 मध्ये कुणीतरी रात्री वर चढून या चित्रांवर रंग फासला. इटलीहून आलेले तज्ज्ञ लुचानो मारांझी यांनी अतिशय चिकाटीने ती वाचवली. तरी काही जखमा राहिल्याच.

अजिंठ्याशी याचं नातं आहे का?

हा प्रश्न मराठी माणूस विचारतोच, आणि विचारायलाच हवा. काळ जवळजवळ एकच. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगली. सिगिरीयाची चित्रं त्याच शतकाच्या शेवटच्या वर्षांतली. अर्धवट मिटलेले डोळे, बोटांची वळणं, पारदर्शक वस्त्र, दागिन्यांचा सोस, हे पाहिल्यावर दोन्हीकडचे चित्रकार एकाच भाषेत बोलत होते हे उघड दिसतं. अजिंठ्याचे कारागीरच तिकडे गेले, असं काही जण ठोकून देतात. त्याला पुरावा नाही. आणि फरकही आहेत. सिगिरीयात लाल, पिवळा, हिरवा, काळा हे रंग आहेत. अजिंठ्यात जो निळा झळकतो, तो तिथे दिसत नाही. रेघही अधिक मोकळी, एका झटक्यात ओढलेली.

उलट बाजूचं नातं मात्र पक्कं आहे. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदानाचं भलंमोठं चित्र आहे: सिंहल नावाचा व्यापारी, बेटावरच्या राक्षसिणी, आणि मग हत्ती-घोडे होड्यांत घालून बेटावर उतरणारं सैन्य. म्हणजे कश्यप सिगिरीया बांधत होता त्याच्या थोडंसं आधी, वाघूर नदीच्या काठावर आपले चित्रकार लंकेची गोष्ट रंगवत होते. पुढच्या खेपेला 17 नंबरच्या लेण्यात गेलात तर उजव्या भिंतीपाशी थांबा.

आरसा भिंत म्हणजे काय?

चित्रांच्या खालून जाणाऱ्या वाटेला कठड्यासारखी विटांची भिंत आहे. तिचा गिलावा इतका घोटलेला होता की त्यात प्रतिबिंब दिसावं. कश्यपाचा काळ सरल्यावर सिगिरीया पाहायला लोक येऊ लागले, आणि त्या गुळगुळीत भिंतीवर टोकदार वस्तूने बारीक अक्षरांत कविता कोरू लागले. बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या. परणवितान यांनी वर्षानुवर्षं डोळे फोडून त्यांतल्या 685 वाचल्या आणि 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. जुनी सिंहली भाषा कशी होती, हे सांगणारा यासारखा ठेवा नाही.

लिहिणारे सगळ्या थरांतले: भिक्खू, सैनिक, अधिकारी, बायकासुद्धा. पुरुष त्या सोनेरी स्त्रियांवर भाळतात आणि तक्रार करतात की या बोलत नाहीत. कुणी म्हणतो, यांचा राजा गेला म्हणून त्या गप्प आहेत. त्या राजाच्या विधवा आहेत, दुःखाने कड्यावरून झोकून देत आहेत, असंही लिहिलेलं आहे. दंतकथा कशी जन्मते हे इथे डोळ्यांनी दिसतं. राजा मरून तीनशे वर्षं झाली, विहार आहे, चित्रं आहेत, आणि पाहणाऱ्यांनी चित्रांना नवरा मिळवून दिला आणि शोकही.

आज तिथे कोरायला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

हा रावणाचा किल्ला होता का?

मोबाईलवर येणाऱ्या निरोपांत असतो. लंकेतही अनेकांची ती श्रद्धा आहे आणि सहलींच्या पत्रकांत ती जोरात चालते. पण जे तट, जिने, महाल, बागा तुम्ही पाहता त्या पाचव्या शतकातल्या, हे उत्खननावरून स्पष्ट आहे. त्याआधी इथे माणूस नव्हता असं मात्र नाही. अलिगल या गुहेत आदिमानवाच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून पायथ्याच्या गुहांत भिक्खू राहत होते. गुहांच्या कपाळाला पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कोरलेली पन्हळ आणि तिच्याखाली ब्राह्मी अक्षरांतले दानलेख आजही आहेत. ती लिपी आपल्या नाणेघाटातल्या अक्षरांची बहीण.

तो महाल नव्हताच, विहार होता, असंही वाचलंय. खरं काय?

हे मत राजा डी सिल्व्हा यांनी हिरीरीने मांडलं. कश्यपाच्या आधी आणि नंतर इथे विहार होता, यात वाद नाही. पण तट, खंदक, सिंहद्वार आणि करमणुकीच्या बागा भिक्खूंसाठी होत्या हे मला पचत नाही. 1982 पासून पुरातत्त्वज्ञ सेनक बंडारनायक यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननातून सुमारे 3 किलोमीटर लांब आणि 1 किलोमीटर रुंद अशी आखीव नगररचना पुढे आली. ती राजधानीची आखणी आहे. त्याच वर्षी युनेस्कोने सिगिरीयाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कश्यपाला पश्चात्ताप झाला का?

ग्रंथच सांगतो की झाला. त्याने उपोसथाचे उपवास धरले, ग्रंथ लिहवून घेतले, बागा आणि दानं दिली. अनुराधपुरातला इस्सरसमण विहार वाढवला आणि त्याला आपल्या दोन मुलींची, बोधी आणि उप्पलवण्णा यांची, आणि स्वतःचं नाव जोडलं. तो विहार थेरवादी, म्हणजे जुन्या परंपरेच्या, भिक्खूंना देऊ केला तर ते कचरले. पितृघातकाचं दान घेतलं तर लोक काय म्हणतील? बौद्ध धर्मात बापाला मारणं हे ज्याचं फळ टळत नाही अशा पाच महापातकांपैकी एक. बिंबिसाराला मारणाऱ्या अजातशत्रूची कथा आपल्याला ठाऊकच आहे. शेवटी कश्यपाने तो विहार बुद्धमूर्तीला अर्पण केला, आणि मग ‘आमच्या गुरूंचा आहे’ म्हणून भिक्खूंनी स्वीकारला.

दहाव्या शतकातल्या शिलालेखात या विहाराच्या नावात बोधी, उप्पलवण्णा आणि कश्यप ही तिन्ही नावं तशीच येतात. साडेचारशे वर्षांनंतरही कुणी ती खोडली नव्हती. बहिणीचं नाव गेलं, मुलींची राहिली.

त्याचा शेवट कसा झाला?

अठराव्या वर्षी मोग्गलान भारतातून बारा साथीदार घेऊन परतला. त्याला इकडची बातमी पोचवणारे निगंठ, म्हणजे जैन साधू होते, असं ग्रंथ म्हणतो. दुखावलेला मिगारही आतून त्याच्याच वाटेकडे डोळे लावून होता. ज्योतिष्यांनी वेळ बरी नाही म्हणून सांगितलं, तरी कश्यप कातळावर थांबला नाही. उतरून मैदानात गेला.

लढाईत त्याच्या हत्तीपुढे दलदल आली. वळसा घालायला त्याने हत्ती फिरवला. मागच्या फौजेला वाटलं राजा पळतोय. ओरड झाली आणि सैन्य फुटलं. एकटा पडलेल्या कश्यपाने सुरीने स्वतःचा गळा चिरला, सुरी उंच धरून दाखवली आणि परत म्यानात घातली. रागाने लिहिणाऱ्या ग्रंथकारानेही ही म्यानात घातलेली सुरी गाळली नाही.

मग मोग्गलान चांगला राजा ठरला?

भावावर त्याने रीतसर अंत्यसंस्कार केले. अनुराधपूर पुन्हा राजधानी झालं, सिगिरीया भिक्खूंना दिलं. पण बापाच्या मारेकऱ्यांना साथ दिली म्हणून त्याने हजारावर लोकांना मारलं, कित्येकांचे नाक-कान कापले, आणि लोक त्याला ‘राक्षस’ म्हणू लागले. नंतर तो निवळला. समुद्रावर पहारा बसवला, जेणेकरून तो स्वतः आला तसा दुसरा कुणी येऊ नये.

पाहायला जायचं तर काय लक्षात ठेवावं?

सकाळी उघडतं तेव्हाच चढायला लागा. पायऱ्या बाराशेच्या आसपास आहेत आणि दहानंतर कातळ तापतो. चित्रांचे फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे फोन खिशात ठेवा आणि नुसतं पाहा. सिंहाच्या पंज्यांपाशी आवाज करू नका. वर आग्यामोहोळं आहेत, ती उठतात, आणि म्हणूनच तिथे जाळीची खोली बांधलेली आहे. बहुतेक मंडळी माथ्यावर जाऊन, खाली उतरून, गाडीत बसून निघतात. जमल्यास कारंज्यांपाशी वाकून ती भोकं पाडलेली चकती बघा.

आणि एक अर्धा दिवस कलावेवसाठी काढा. दांबुल्लाहून वायव्येला, फार दूर नाही. तिथे तिकीट खिडकी नाही की गर्दी नाही. बांधावरून चालत गेलं की एका बाजूला क्षितिजापर्यंत पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. संध्याकाळी पायऱ्यांवर गावातली माणसं अंघोळ करत असतात.